अगस्त्यारकूडमचा परवाना आणि ताईचा नारळ

2011 साली आमच्या ट्रेकिंग ग्रुपातले सहा जण केरळात अगस्त्यारकूडमला गेले, तेव्हा मी घरी होते. रजा शिल्लक होती, पैसेही होते. बायकांना त्या डोंगरावर सोडतच नसत. परत आल्यावर मंडळींनी फोटो दाखवले, जळवांचे किस्से सांगितले आणि मी तोंडदेखलं हसून सगळ्यांना चहा केला. 2018 च्या नोव्हेंबरात केरळ उच्च न्यायालयाने सांगितलं की या ट्रेकला बाई-पुरुष असा भेद चालणार नाही. लगेच पुढच्या जानेवारीत संरक्षण खात्यातल्या अधिकारी धन्या सनल वर जाऊन आल्या. ती बातमी मी कापून डायरीत ठेवली. प्रत्यक्ष जायला आणखी काही वर्षं गेली आणि तेही भाचीच्या भरवशावर, कारण या डोंगराची पहिली चढण लॅपटॉपसमोर बसून चढावी लागते.

आपल्याला सह्याद्रीत परवान्याची सवय नाही. शुक्रवारी दुपारी ठरतं, रात्री गाडी निघते. हरिश्चंद्रगडाला जाताना अभयारण्याची पावती फाडतात, ती आपण टोलसारखी घेतो आणि खिशात चुरगळून विसरतो. वासोट्याला बामणोलीत कागद करावे लागतात, पण तेव्हाही आमचं सगळं लक्ष लाँच कधी सुटते याकडेच. अभयारण्यात पाय ठेवणं हाच मुळात परवानगीचा विषय आहे, हे मला पन्नाशीच्या उंबऱ्यावर कळलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातलं कलम 27 सांगतं की आत कोण जाऊ शकतं. बाकीच्यांना कशासाठी परवाना देता येईल ते कलम 28 मध्ये आहे: वन्यजीवांचा अभ्यास, फोटोग्राफी, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या कुणाशी असलेलं रीतसर काम. आपण पर्यटनात. नवस-सायास त्यात कुठेच बसत नाहीत, हे मी आधी वाचलं असतं तर नारळाचा घोळ झाला नसता. पण तो पुढे.

डोंगर 1868 मीटर उंच, केरळ आणि तामिळनाडूच्या अगदी हद्दीवर. अलीकडे नेय्यार आणि पेप्पारा ही अभयारण्यं, पलीकडे कळक्काड-मुंडंतुराईचा व्याघ्र प्रकल्प. वर्षातून साधारण महिना-सव्वा महिना, मध्य जानेवारीनंतर, वाट सगळ्यांसाठी उघडते आणि दिवसाला शंभरेक माणसंच सोडतात. पावसाळ्यात ओढे आणि जळवा, फेब्रुवारी सरला की वणव्याची भीती. ही भीती कागदावरची नाही. 2018 च्या मार्चमध्ये तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली आणि वीसहून जास्त जण गेले. तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. त्या वयाच्या, तसल्याच सॅक पाठीवर घेतलेल्या पोरांना मी किती वेळा 'चला रे, काही होत नाही' म्हणून कुठे कुठे नेलं होतं, ते आठवत बसले.

बुकिंगच्या पहिल्या वर्षी मी एकटीच बसले. माझ्या बँकेचा ओटीपी येईपर्यंत मला हव्या असलेल्या दिवसाच्या जागा संपल्या. दुसऱ्या दिवसाची तारीख निवडली, तोवर तीही गेली. दुसऱ्या वर्षी भाचीने सूत्रं हाती घेतली. ती चोवीस वर्षांची, अशा कामात पटाईत. नावं, वयं, आधार क्रमांक, फोन नंबर आधीच एका नोटमध्ये टाइप करून ठेवलेले, दोन लॅपटॉप, दोन वेगळी नेटवर्कं. "मावशी, तू फक्त फोन धर आणि आकडा मोठ्याने वाच. चष्मा लाव आधी."

एक गोष्ट मात्र माझ्यामुळे वाचली. तिने माझं नाव सगळे हाक मारतात तसं, माहेरच्या आडनावानिशी टाकलं होतं. आधार कार्डावर मी सासरची आहे. तिकिटावरचं नाव आणि दाखवायचं ओळखपत्र जुळलं पाहिजे, तेही मूळ ओळखपत्र, झेरॉक्स नाही. लग्न होऊन पंचवीस वर्षं झालेल्या कुठल्याही मराठी बाईने फॉर्म भरण्याआधी आपण नेमक्या कोण आहोत ते कार्ड काढून बघावं. एका कागदावर नवऱ्याचं नाव मध्ये, दुसऱ्यावर वडिलांचं, पॅनवर तिसरंच.

तिकीट निघालं. आम्ही दोघी सोफ्यावर उड्या मारल्या.

मग तब्येतीचा दाखला. नोंदणीकृत डॉक्टरचा, ट्रेक करायला समर्थ असल्याचा, आणि ट्रेकच्या तारखेच्या आठवडाभर आतला. मी उत्साहात तो बारा दिवस आधीच घेऊन टाकला. आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, गुडघा दाबून पाहिला, 'वर काय आहे?' असं विचारलं आणि लेटरहेडवर सही केली. हा कागद मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पहिल्या दिवसापासून मिरवत होते. तिरुअनंतपुरमला उतरल्यावर रात्री भाचीने सूचना पुन्हा वाचल्या आणि एकदम गप्प झाली. तिचा दाखला चार दिवसांपूर्वीचा होता. माझा कालबाह्य.

रात्रीचे साडेआठ वाजले होते. लॉजच्या मॅनेजरने कोपऱ्यावरच्या एका दवाखान्याचा पत्ता दिला. डॉक्टर बाई दवाखाना बंद करायच्या बेतात होत्या. मी माझ्या इंग्रजीत आणि त्या त्यांच्या इंग्रजीत बोललो. अगस्त्यारकूडम म्हटल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि पाहिलं माझ्याकडे, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाल्या, जिन्याने दुसऱ्या मजल्यावर जाऊन या, पटकन. मी गेले, आले. त्यांनी लगेच नाडी धरली. पुन्हा जा म्हणाल्या. पुन्हा गेले. मग छातीला स्टेथोस्कोप लावला, निवांत ऐकलं आणि सही केली. घरच्या डॉक्टरांनी मला ओळखीवर पास केलं होतं. या बाईंनी मला तपासलं. दुसऱ्या दिवशी चढावर माझा श्वास फुलायला लागला की मला तो जिना आठवायचा आणि धीर यायचा.

विथुराच्या पुढे बोनाकाड. चहाचा जुना मळा, बंद पडलेला, मोडक्या खिडक्यांचा कारखाना. सकाळी तिथल्या फॉरेस्टच्या चौकीपुढे आम्ही रांगेत उभे. तिकीट, ओळखपत्र, दाखला. त्यानंतर एका कागदावर सही: आत काही झालं तर जबाबदारी माझी. असले कागद आपण न वाचता सह्या करतो. हा मी वाचला, कारण भाचीने मोबाइल काढून मल्याळम मजकुराचं भाषांतर केलं आणि मोठ्याने वाचलं. हत्ती, रानगवे, साप, घसरडे कातळ, सगळे नावानिशी हजर होते.

पुढचं टेबल बॅगा तपासायचं. दारू, तंबाखू, प्लास्टिक आणि पूजेचं सामान आत न्यायचं नाही. माझ्या सॅकच्या तळाशी, गरम कपड्यांत गुंडाळलेला ताईचा नारळ होता.

ताई अकोल्यात राहते, नगर जिल्ह्यातल्या. प्रवरेकाठी अगस्तींचा आश्रम तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. विंध्याला वाकवून अगस्ती दक्षिणेत गेले ते परतलेच नाहीत, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. तर ते जिथे पोचले त्या डोंगरावर आपली बहीण निघाली आहे म्हटल्यावर ताईने आश्रमातून नारळ आणून दिला. वरच्या अगस्तींच्या मूर्तीपुढे ठेव म्हणाली. मीही हो म्हटलं. गार्डने तो बाहेर काढला, टेबलावर ठेवला आणि आमच्या दोघींकडे पाहिलं. नाराज वगैरे नव्हता, रोजचंच असावं. स्केचपेनने नारळावर आमच्या तिकिटाचे शेवटचे चार आकडे लिहिले आणि मागच्या कपाटावर ठेवून दिला. तिथे आधीच अगरबत्तीचे पुडे, कापराच्या डब्या आणि एक पितळी निरांजन बसलेलं होतं.

प्लास्टिक मोजलं गेलं. चिक्कीची चार वेष्टनं, औषधांच्या दोन पट्ट्या, ओआरएसची पाकिटं, दाखल्याचा फोल्डर. एकूण अकरा. आकडा वहीत गेला.

मग गाइड. दहाएक जणांच्या घोळक्याला एक असे लोक वाटून दिले. आमच्यात कोळिकोडचे कॉलेजचे पाच मुलगे, बंगळुरूचं एक जोडपं, एक निवृत्त शिक्षक आणि आम्ही दोघी. गाइड इथल्या आदिवासी काणी समाजाचे, पन्नाशीचे, माझ्या खांद्याइतके उंच. पायात रबरी चप्पल, हातात कोयता, कमरेला पाण्याची बाटली. मुलं त्यांना चेट्टन म्हणत होती, म्हणजे दादा, म्हणून आम्हीही चेट्टन म्हणू लागलो. त्यांना मल्याळम आणि तमिळ येत होतं. आमच्यासाठी शिक्षक इंग्रजीत सांगायचे.

मनातलं खरं सांगते. गाइड सक्तीचा आहे म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी पडली होती. वाट मळलेली, दर काही अंतरावर कॅम्प आणि तिथे वॉचर. तीस वर्षं डोंगरात फिरतेय. माणूस कशाला? दोन कॅम्प होईपर्यंत मला उत्तर मिळालं नाही. चेट्टन पुढे चालत होते, बस. बोलत नव्हते, झाडं दाखवत नव्हते. करमनयारचा ओढा लागला, पाणी प्यायलो, पुढे निघालो.

वाळप्पैंतियारच्या पुढे, दाट बांबूसारख्या बोरूच्या बनात, ते थांबले. हात मागे केला, तळवा आमच्याकडे. वाटेत हत्तीची लीद पडलेली. त्यांनी चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्याने तिचा गोळा फोडला. आतून वाफ आली. मग नाक वर करून थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. मला फक्त ओला पाला आणि माझाच घाम येत होता. त्यांनी बोटाने बोरूचा एक मोडलेला कोंब दाखवला. मोडलेल्या जागी अजून रस ठिबकत होता. शिक्षक कुजबुजले, "बसा म्हणतायत."

आम्ही पंचवीस मिनिटं बसलो. मुलांतला एक जण दोनदा उठला, दोनदा त्याला खाली ओढलं. काही दिसलं नाही. एकदा वरच्या अंगाला काडकन् काहीतरी मोडलं आणि पोटातून आल्यासारखा एक गुरगुराट ऐकू आला, ट्रक लांबवर न्यूट्रलमध्ये उभा असावा तसा. तो हळूहळू डावीकडे सरकत गेला. चेट्टन मात्र तेवढ्यात बोरूची एक पात सोलून तिची गुंडाळी करत होते. गुरगुर थांबल्यावरही त्यांनी ती गुंडाळी पूर्ण केली, मग उठले. भाची नंतर म्हणाली, "मावशी, तू असतीस ना लीडर, तर आपण 'चला, गेला असेल' म्हणून निघालो असतो." निघालो असतो.

पुढे एळुमडक्कूचा चढ, म्हणजे सात वळणांचा. त्यानंतरच्या खड्या चढणीचं नाव मुट्टिडिच्चान. शिक्षकांनी फोड करून सांगितलं: जिथे गुडघे आपटतात ती जागा. माझे छातीला आपटत होते.

तिथेच बसल्या बसल्या आरोग्यपच्चाचा विषय निघाला. मी आधी वाचलं होतं, म्हणून मीच काढला. 1987 मध्ये केरळच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाचे संशोधक याच डोंगरात आले होते आणि काणी समाजाची माणसं त्यांना वाट दाखवत होती. शहरातली मंडळी दमून बसत आणि ही माणसं एका झाडाची बारीक फळं चघळत ताजीतवानी पुढे जात. कुठलं झाड, हे सांगायला आधी ते तयार नव्हते. शेवटी सांगितलं. ते झाड आरोग्यपच्चा. त्यापासून 'जीवनी' नावाचं औषध झालं, 1995 मध्ये बनवण्याचा हक्क एका आयुर्वेदिक कंपनीला दिला गेला, आणि मिळणाऱ्या पैशातला अर्धा वाटा काणी समाजाच्या ट्रस्टला द्यायचं ठरलं. जैवविविधतेवरच्या जगभरच्या चर्चांत हे उदाहरण अजून निघतं.

मी हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. शिक्षकांनी भाषांतर केलं. चेट्टन ऐकून हसले आणि काहीतरी म्हणाले. सगळी मुलं खो खो हसायला लागली. भाषांतर असं होतं: "आता ते फळ शोधू नका. बाईंनी पोळी खाल्ली नाही म्हणून दम लागतोय."

मी गुपचूप पोळी काढली.

अतिरुमलाच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा अंधारायला आलं होतं. पंधराएक किलोमीटर झालेले. भोवती हत्तींसाठी खणलेला चर, आत लांबच लांब शेड, चटयांवर ओळीने माणसं, पलीकडे कांजी, म्हणजे आपली पेज. थंडीपेक्षा वारा जास्त. रात्री दोनदा जाग आली आणि दोन्ही वेळा कुणीतरी टॉर्च घेऊन चराच्या कडेने फिरत होतं.

सकाळी धुकं. शिखर इथून सहा किलोमीटर. पोंगालपारापर्यंत नीट गेलो. तिथून पुढे झाडं खुजी होतात, मग कातळ आणि कातळावर दोर. पहिला दोर चढलो. दुसऱ्याच्या पायाशी चेट्टन थांबले. वारा इतका की पावसाची चिळकांडी खालून वर येत होती. ते दोराला हात लावून उभे राहिले, वर पाहिलं आणि मग तिथेच कातळाच्या आडोशाला बसले. वीस मिनिटं. मग शिक्षकांना दोन वाक्यं सांगितली. परत.

बंगळुरूच्या नवऱ्याने वाद घातला. पैसे भरलेत, दोन वर्षं तिकीट मिळत नव्हतं, दुसऱ्या घोळक्यातली माणसं वर गेली असतील. मी त्याला आवरलं नाही, कारण मी मनात तेच म्हणत होते. मी 2011 पासून थांबले होते. एवढ्या दोराला मी भीमाशंकरच्या शिडीच्या वाटेवर कितीदा लटकलेय. चेट्टन वाद घालत नव्हते. ते फक्त उठून खाली चालू लागले. गाइडशिवाय वर थांबायचं नाही, हे चौकीवरच सही करून दिलेलं. त्यामुळे त्यांची पाठ हाच हुकूम होता.

आणि वाईट म्हणजे, आम्ही पोंगालपाराला परत आलो तोवर ढग फाटला. शिखर लख्ख दिसलं, पाच मिनिटं. वर काही ठिपके हलत होते. बंगळुरूच्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने चेट्टनकडे. चेट्टननी शिखराकडे पाहिलंच नाही, ते वाटेवरचा एक ओंडका बाजूला सारत होते. ढग पुन्हा बसला आणि उरलेल्या वाटेवर पाऊस लागला. ते बरोबर होते की जास्तच जपून वागले, मला सांगता येणार नाही. मला अजूनही थोडा राग आहे. आणि तरीही पुन्हा गेले तर तेच गाइड मागेन. गाइड निवडता येत नाही, पण मागून बघेन.

तिसऱ्या दिवशी दुपारी बोनाकाड. चौकीवर पुन्हा तीच वही. प्लास्टिक बाहेर काढलं. दहा. पुन्हा मोजलं. दहा. गार्ड शांतपणे पेन धरून उभा. मी सॅक ओतली, मोजे झटकले, भाचीने टोपीचं अस्तर उलटं केलं. मागे रांग. शेवटी ओआरएसचं रिकामं पाकीट माझ्याच जॅकेटच्या आतल्या खिशात निघालं, चार घड्या घालून ठेवलेलं, काल रात्री मीच नीट ठेवलेलं. अकरा.

गार्डने कपाटावरून नारळ काढला, आकडे जुळवले आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर मी तो ताईला तसाच नेऊन दिला. तिने स्केचपेनचे आकडे वाचले, शेंडी चाचपली, नारळ कानाशी हलवून पाणी आहे का पाहिलं. "तिकडचा शिक्का मारून परत पाठवलाय होय," म्हणाली, आणि विळी घ्यायला आत गेली.